परमिट रूममधलं परमिट

महाराष्ट्रातल्या मुलाला शाळेत इंग्रजी पहिलीपासून शिकवा नाहीतर पाचवीपासून, ‘परमिट’ हा शब्द त्याच्या ओळखीचा झालेला असतोच. एस.टी.च्या खिडकीला नाक लावून पाट्या वाचत जाणाऱ्या पोरांची निम्मी अक्षरओळख त्याच पाट्यांवर पक्की होते. ‘हॉटेल अमुकतमुक, परमिट रूम अँड बिअर बार, फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था.’ पोरगं आईला विचारतं, ‘‘आई, परमिट रूम म्हणजे काय गं?’’ आई म्हणते, ‘‘पाणी पी.’’

पुढे हेच पोरगं मोठं होतं, मित्राचा फोन येतो, ‘‘बसायचं का?’’ आणि ते त्या खोलीत जाऊन बसतं. (मराठीत नुसतं ‘बसणं’ हे किती ओलं क्रियापद आहे, ते परप्रांतीयाला समजावता समजावता माणसाचा घसा कोरडा पडतो.) खोलीत सगळं असतं. भर दुपारीसुद्धा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. शेंगदाण्यांची बशी असते, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर मॅच असते, गल्ल्याच्या वर ताजा हार घातलेला देव असतो आणि देवाच्या खाली ‘उधार मागून लाजवू नये’ अशी पाटी असते. नसतं ते फक्त परमिट. कोणी मागत नाही, कोणी दाखवत नाही, आणि ते नसल्याची चुटपुट कोणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

एखादा साधा इंग्रज बिचारा ही पाटी वाचून काय समजेल? त्याच्या भाषेत परमिट म्हणजे परवान्याचा कागद आणि रूम म्हणजे खोली. म्हणजे ही परवाने मिळण्याची खोली. तो पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन आत शिरेल, समोर आलेल्या वेटरला कारकून समजेल आणि अदबीने विचारेल, इथे किल्ल्यावर जायचा परवाना मिळतो का? तिथून बाहेर पडेपर्यंत त्याचे चार-पाच किल्ले झालेले असतील.

शब्द मूळचा लॅटिन. ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘मित्तेरे’ म्हणजे सोडणं किंवा धाडणं. दोन्ही जोडून झालं ‘पेरमित्तेरे’: जाऊ द्या, वाट मोकळी करा. मनाने किती दिलदार शब्द! या ‘मित्तेरे’चं घराणं तर एवढं मोठं आहे, की मराठी मध्यमवर्गाचं समग्र चरित्र एकट्या त्याच्यावर लिहून होईल. सुरुवात पोराच्या ॲडमिशनपासून. पोरगं इंजिनिअरिंगला गेलं की रात्र रात्र जागून सबमिशन. नोकरी सरकारी असली तर पे कमिशनची वाट, नसली तर एजंटचं कमिशन. फ्लॅट घेतला की सोसायटीची कमिटी. पोरगं परदेशी गेलं की रोज एक मेसेज करीन असं प्रॉमिस. हे सगळे सख्खे-चुलत भाऊ. मिशनरी आणि मिसाइल हेही त्यातलेच. एकाला धर्म सांगायला धाडतात, दुसऱ्याला नुसतंच धाडतात. गोव्यात रविवारी चर्चमध्ये मीस होतं, त्याचं मूळ लॅटिन नावही याच धातूवरून पडलं, कारण शेवटी पाद्री जमलेल्यांना ‘आता निघा’ असं सांगून निरोप देतो. मिसळ मात्र या घराण्यातली नाही. ती आपली, ‘मिश्र’वरून आलेली, उगाच कोणी कोल्हापुरात जाऊन रोमन साम्राज्याचा दाखला देऊ नये.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तो क्रियापद म्हणून. कागदाला ‘परमिट’ म्हणायची चाल पुढची. इंग्रजांनी दोघांत फरक राखलाय: कागद असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, देण्याची क्रिया असेल तर दुसऱ्यावर. आपण मराठीत जोर कुठेच देत नाही. जोर सगळा परमिट काढताना लागतो.

आणि हा कागद दारूच्या नादाला काही आपल्याकडे येऊन लागलेला नाही, तो येतानाच तसा होता. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये ब्रँडी, चहा, कॉफी असला अबकारी माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवायचा, तर कर भरल्याचं परमिट सोबत लागायचं. परमिट नसलेलं पिंप सापडलं की अबकारी शिपाई ते जप्त करत. डॉ. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला गाजलेला शब्दकोश काढला, त्यात परमिटचा अर्थ जवळपास हाच दिला आहे. तो अर्थ त्याने शांतपणे लिहिला. ‘एक्साइज’ या शब्दाशी आला तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. अबकारी म्हणजे लोकांना तिटकारा असलेला कर आणि तो ठरवणारे भाडोत्री हलकट, अशा आशयाची व्याख्या त्याने कोशात बेधडक छापून टाकली. अबकारी आयुक्त चिडले. त्यांनी सरकारच्या ॲटर्नी जनरलला विचारलं, की या शब्दकोशावर बदनामीचा खटला भरता येईल का? त्याने मत दिलं: बदनामी आहे खरी, पण लेखकाला दुरुस्तीची एक संधी द्या. खटला काही झाला नाही आणि जॉन्सननेही व्याख्या बदलली नाही. आपल्याकडे शब्दकोशावर कोणी चिडत नाही, कारण तो उघडतो कोण?

मराठीने या शब्दाची वाटणी मोठ्या चतुराईने केली आहे. ‘परमिशन’ तोंडी आणि ‘परमिट’ कागदी. परमिशन बाबांची घ्यायची, साहेबांची घ्यायची, लग्नानंतर कोणाची घ्यायची ते ज्याचं त्याला ठाऊक. परमिशन न घेता गेलं तर बोलणी बसतात. परमिट न घेता गेलं तर पावती फाटते. या दोघांच्या आधीपासून फारसीतून आलेला परवाना होताच. त्याचं एक बरं आहे, की फारसी-उर्दूत परवाना म्हणजे दिव्यावर झडप घालणारा पतंगही. त्यामुळे बारचा परवाना मिळवण्यासाठी जमीन विकायला निघालेल्या माणसाला आणखी वेगळी उपमा शोधायची गरज पडत नाही.

एका पिढीने परमिट हा शब्द दारूसाठी नाही, साखरेसाठी वापरला. रेशनिंगच्या काळात मुलीचं लग्न ठरलं, की वधुपिता छापून आलेली पहिली पत्रिका कुलदैवताला ठेवायचा आणि दुसरी घेऊन साखरेच्या जादा परमिटसाठी रेशनिंग ऑफिसात जायचा. आहेराची आशा दोघांकडूनही सारखीच. साखरेनंतर सिमेंट. घर बांधणाऱ्याचं अर्धं आयुष्य सिमेंटच्या परमिटमागे जायचं आणि उरलेलं अर्धं त्या सिमेंटमधून गळणाऱ्या पाण्याखाली बादल्या मांडण्यात. या सगळ्या कारभाराला राजाजींनी ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ असं नाव ठेवलं आणि त्याच्याविरुद्ध १९५९ साली म्हातारपणी नवा पक्षसुद्धा काढला. रिक्षावाल्यांकडे तर शब्द अजून ताजा आहे. सरकारने नवी परमिटं देणं १९९७ साली बंद केलं, ते २०१७ साली खुलं झालं. मधल्या वीस वर्षांत रिक्षा एकाची, परमिट दुसऱ्याचं आणि चालवणारा तिसराच, अशी एकत्र कुटुंबं गावोगाव नांदली.

पण परमिटचं खरं माहेर म्हणजे दारूबंदीचा कायदा.

हो, दारूबंदीचाच. महाराष्ट्रात दारू मिळते ती दारूबंदीच्या कायद्याखाली. कायद्याचं नाव ‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’. अलीकडे त्यातली मुंबई काढून महाराष्ट्र घातला, बंदी आहे तिथेच आहे. मुंबई शहरात पहिली दारूबंदी आली ती त्याच्याही आधी, १ ऑगस्ट १९३९ रोजी, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात. ती जेमतेम रुळतेय तोवर महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रकरण ढिलं पडलं. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई गृहमंत्री असताना मात्र काम पक्कं झालं. १९४९चा कायदा वाचायला बसलं, की पहिल्यांदा घशाला कोरड पडते. दारू गाळू नये, विकू नये, विकत घेऊ नये, बाळगू नये, नेऊ नये, पिऊ नये. सगळे दरवाजे धडाधड बंद. आणि मग पुढच्या प्रकरणांत तोच कायदा हळूच उठून एकेका दाराची कडी काढू लागतो. परदेशी पाहुण्याला परमिट. पर्यटकाला परमिट. प्रकृती सांभाळण्यासाठी ज्याला दारूची गरज आहे, त्याला आरोग्य परमिट. कल्पना करा, सरकारी कागदावर लिहिलेलं असायचं, की हा मनुष्य तब्येतीसाठी पितो. आज हेच वाक्य घरी म्हणून बघा.

माझं सगळ्यात आवडतं कलम मात्र आणीबाणीच्या परमिटाचं. अचानक दुखणं उद्भवलं तर औषध म्हणून वापरायला कुटुंबप्रमुखाला तातडीचं परमिट मिळू शकेल, अशी सोय कायद्यात आहे. कशाचं? तर कायद्याने नावं घेऊन सांगितलंय: ब्रँडी, रम किंवा शँपेन. ब्रँडी समजू शकतो, आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा चमचाभर पोचायची. रमही खोकल्याच्या नावावर खपते. पण शँपेन? कुठल्या घरात अशी आणीबाणी येते, की रात्री दोन वाजता म्हातारे घाबरेघुबरे होतात आणि थोरली सून ओरडते, ‘‘अहो, लवकर बूच उडवा!’’

आणि एवढं करून ज्याच्याकडे परमिट आहे, त्याने आपल्या वाट्यातला घोट दुसऱ्याला द्यायचा नाही, त्या दुसऱ्याकडेही तसंच परमिट असल्याशिवाय. म्हणजे मेहुणा घरी आला, तर आधी त्याचे कागद बघायचे. कायदा करणाऱ्यांचा संसाराचा अनुभव दांडगा असला पाहिजे.

या कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे मुंबईकर गृहस्थ कोर्टात गेले. त्यांची मागणी साधी होती: व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, ओ द कोलन आणि लव्हेंडर वॉटर बाळगायचा आणि वापरायचा हक्क मला असू द्या. यादी वाचून वाटतं, हा माणूस एक तर पिऊन सुगंधी व्हायचा किंवा सुगंधी होऊन प्यायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ साली निकाल लागला. दारूबंदी करायचा अधिकार राज्याला आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. बाटलीतलं अत्तर आणि औषध मात्र बंदीतून सोडवलं. शिवाय आणखी एक गोष्ट केली, ती मला फार भावते. दारूची तारीफ करायलाही कायद्याने मनाई केली होती, ती न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्या विरोधात आहे म्हणून उडवून लावली. तेव्हापासून या राज्यात पिण्यासाठी परमिट लागतं, पण कौतुक बिनपरमिटचं आहे. आपल्यातले कित्येक जण हा मूलभूत हक्क दुसऱ्या पेगनंतर न चुकता बजावतात.

परमिट रूम जन्माला आली ती या वातावरणात. मोठ्या हॉटेलांत एक खोली वेगळी काढायची, तिथे फक्त परमिटधारकांना वाढायचं. ती परमिट रूम. बाहेर अख्खं मुंबई राज्य कोरडं आणि आत ओळखपत्रवाले ओले. ज्यांना ही खोली परवडत नव्हती त्यांच्यासाठी गल्लीबोळांत आंटीचे अड्डे होते, तिथे परमिट म्हणजे आंटीची ओळख. साठच्या दशकात बंधनं सैल होत गेली, खोलीला बाहेरून दार फुटलं, दाराला पाटी लागली, आणि एकेकाळी मूठभरांची असलेली खोली तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोर येऊन उभी राहिली. नाव कोणी बदललं नाही. सरकारी भाषेत आजही तिचा परवाना एफएल-तीन, वाइन शॉपचा एफएल-दोन. त्यातल्या ‘एफएल’ची फोड विदेशी मद्य अशी आहे. हे विदेशी मद्य गाळलं जातं आपल्याच औद्योगिक वसाहतींत, म्हणून त्याला ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ म्हणायचं. एवढी लांबलचक पदवी शुद्धीवर असतानाच उच्चारता येते. त्या मानाने ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी प्रामाणिक. तिच्यात मान्यता सरकारची आहे, हे पहिल्याच शब्दात सांगून टाकलंय. पुढे डोकं दुखलं तर कोणाकडे बघायचं ते कळतं.

१९६० साली राज्यं वेगळी झाली, तेव्हा भांडीकुंडी वाटून घेतल्यासारखा हा कायदाही दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने त्यातली बंदी ठेवून घेतली, आपण परमिट. मूळ मजकूर एकच. तोच १९४९चा अधिनियम अहमदाबादला कोरडा आणि नाशिकला द्राक्षांच्या हंगामासकट ओला. महाराष्ट्रातही सगळीकडे सारखं नाही. वर्ध्यात गांधीजींच्या आठवणीने बंदी, गडचिरोलीत १९९३पासून बायकांनी चळवळ करून मिळवलेली बंदी, चंद्रपुरात २०१५ साली आलेली आणि २०२१ साली उठलेली बंदी. दारूने ज्यांचे संसार धुऊन नेले, त्या बायकांपुढे असल्या लेखातले विनोद फिके पडतात, हे मलाही कळतं. पण त्यांच्याही अर्जावर शिक्का मारणारं खातं आणि बारला परवाना देणारं खातं एकच: राज्य उत्पादन शुल्क. नावावरून वाटतं, काहीतरी पिकवत असतील.

आता मुद्द्याची गोष्ट. पिणाऱ्याच्या परमिटाची अट अजूनही आहे. मद्यसेवन परवाना असं त्याचं भारदस्त नाव. एका दिवसाचा विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन. वर्षाचा शंभर रुपये. आणि हजार रुपये भरले, की आजीवन. या ‘आजीवन’मध्ये सरकारचा हिशेब पक्का आहे: जितका नियमित वापर, तितकी मुदत आपोआप कमी. वयाचीही अट आहे. बिअरसाठी एकवीस, व्हिस्की-रमसाठी पंचवीस. विधानसभेची निवडणूक लढवायलाही पंचवीसच लागतात. म्हणजे ज्या दिवशी माणूस कायदे करण्याइतका शहाणा होतो, त्याच दिवशी त्याला ते विसरण्याची मुभा मिळते. लग्नाला पुरुषासाठी एकवीस पुरतात. मधली चार वर्षं बिअरवर काढायची.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हा आजीवन परवाना खरोखरच काढला. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात आयुष्य गेलेलं. लाइट बिल भरल्याच्या पावत्या सालवार बांधून ठेवणारा माणूस. पितात किती? तर महिन्यातून एखाद्या शनिवारी साठ, तेही गरम पाण्यातून. पण नियम म्हणजे नियम. परवाना हातात आल्यावर त्यांनी त्याची प्रत एटीएम कार्डाएवढी करून घेतली, लॅमिनेट केली आणि पाकिटात साईबाबांच्या फोटोमागे ठेवली. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राशेजारी. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. परवाना काढला म्हणून त्या रागावल्या नव्हत्या, ‘‘आजीवन का? वर्षाचा घेऊन बघायचा होता’’ एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढच्या शनिवारी काका आम्हाला घेऊन बसायला निघाले. नेहमीची परमिट रूम, नेहमीचं टेबल. वेटरने फडका मारला, शेंगदाणे ठेवले आणि ‘‘काय आणू शेठ?’’ म्हणाला. काकांनी हाताने त्याला थांबवलं, पाकीट काढलं, साईबाबांना नमस्कार करून त्यांच्यामागून कार्ड ओढलं आणि टेबलावर पुढे सरकवलं.

‘‘आधी हे बघून घे.’’

वेटरने बघितलं. त्याला वाटलं, काका कार्डाने पैसे भरतायत. ‘‘मशीन बंद आहे साहेब, रोख द्या नाहीतर फोनवरून पाठवा.’’

‘‘अरे, पैशाचं नाही. तपासून घे आणि नोंद कर.’’

‘नोंद’ ऐकल्यावर वेटर जरा चरकला. कार्ड घेऊन गल्ल्यावर गेला. गल्ल्यावरच्याने ते दिव्याखाली धरलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. आजूबाजूच्या दोन-तीन टेबलांवरचे आवाज खाली आले. एकाने तर हातातला ग्लास सावकाश सोड्याच्या बाटलीमागे सरकवला. आमच्या टेबलावर न मागता काकडीची बशी आली. नंतर टोमॅटोची. शेवटी मॅनेजर स्वतः आला. पन्नाशीचा माणूस, कपाळाला गंध, जन्म या धंद्यात गेलेला. दोन्ही हातांत प्रसादासारखं कार्ड धरून त्याने अदबीने विचारलं, ‘‘काका, हे काय आहे?’’

‘‘परमिट,’’ काका ताठ बसून म्हणाले.

मॅनेजरने चष्मा कपाळावर चढवला, कार्ड नाकापाशी नेलं आणि पुन्हा एकदा नीट वाचायचा प्रयत्न केला.

‘‘कशाचं? रिक्षाचं?’’